कुलगुरूंचं बोलावणं

१९ ऑक्टोबर १९३९. अठरा दिवस बाकी.

पोलंडमधलं क्राकूफ शहर जर्मनांच्या ताब्यात जाऊन सहा आठवडे झाले आहेत. रस्त्यावर लष्कर आहे, दुकानांपुढे रांगा आहेत. अशात यागिएलोनियन विद्यापीठाच्या सीनेटची बैठक बसते आणि ठरतं, की नवं शैक्षणिक वर्ष सुरू करायचं. तास १३ नोव्हेंबरपासून. हे विद्यापीठ १३६४ सालचं, कोपर्निकस इथे शिकून गेलेला. राजे आले-गेले, देशाची तीनदा वाटणी झाली, विद्यापीठ टिकलं. मग हेही दिवस जातील, असं सीनेटला वाटलं असेल तर त्यात वेडेपणा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतरही वर्ग पुन्हा भरलेच होते.

२६ ऑक्टोबर. अकरा दिवस.

जिंकलेल्या पोलंडच्या एका भागाचा ‘जनरल गव्हर्नमेंट’ नावाचा वेगळा कारभार जाहीर होतो. राजधानी वॉर्सा नाही, क्राकूफ. गव्हर्नर जनरल हान्स फ्रँक इथल्या वावेल किल्ल्यात, पोलिश राजांच्या वाड्यात, बस्तान मांडणार आहे. त्याच्या दारात पोलिश विद्वानांचा असा भरलेला अड्डा त्याला चालेल का, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. मागून बोलणं सोपं असतं, हे मान्य.

३ नोव्हेंबर, शुक्रवार. तीन दिवस.

एसएस या नाझी दलाचा अधिकारी ब्रूनो म्यूलर कुलगुरूंना बोलावून घेतो. कुलगुरू तादेउश लेर-स्प्वाविन्स्की ४८ वर्षांचे, स्लाव भाषांचे अभ्यासक. म्यूलरची मागणी साधी आहे: सोमवारी दुपारी १२ वाजता सगळ्या प्राध्यापकांना एकत्र करा, विज्ञान आणि उच्च शिक्षण याबद्दल जर्मनीची भूमिका काय, यावर मला व्याख्यान द्यायचं आहे.

आता कुलगुरूंच्या खुर्चीत बसून पाहा. नाही म्हटलं, तर विद्यापीठ बंद करायला निमित्त मिळतं. हो म्हटलं, तर एक कंटाळवाणं प्रचारकी भाषण ऐकावं लागतं, इतकंच. प्राध्यापक माणसाला कंटाळवाण्या भाषणाची भीती नसते, उमेदवारीपासून सवय असते. कुलगुरूंनी बोलावणं पाठवलं. सहकाऱ्यांनी यावं, शक्य तेवढ्यांनी यावं.

आपल्याकडे महाविद्यालयात नोकरी केलेल्या कुणालाही हा कागद ओळखीचा वाटेल. विषय, वार, वेळ, दालन, उपस्थिती प्रार्थनीय. असा कागद माणूस वाचत नाही, नुसता वेळ बघतो आणि डायरीत टिपतो. माझ्या मते म्यूलरची खरी चलाखी इथे आहे. दीडशेहून अधिक घरांवर रात्री छापे घालायचे, तर गाड्या, माणसं, पत्ते सगळं लागलं असतं, आणि पहिल्या दाराचा आवाज होताच बाकीचे निसटले असते. त्याऐवजी त्याने कुलगुरूंची सही वापरली. शत्रूच्या हुकमावर माणूस दहा वेळा विचार करतो, पण आपल्याच कुलगुरूंच्या सूचनेवर नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार. ४८ तास.

सेंट अ‍ॅन चर्चमध्ये प्रार्थना होऊन शैक्षणिक वर्षाचा शुभारंभ होतो. विद्यापीठाचं हे जुनं चर्च, दरवर्षीचाच रिवाज. सोमवारी हाच समारंभ गुन्हा ठरणार आहे.

५ नोव्हेंबर, रविवार. २४ तास.

जावं की न जावं? काहींनी न जायचं ठरवलं आणि ते वाचले. पण बहुतेकांचा हिशेब वेगळा होता. सभागृह रिकामं दिसलं, तर त्याचा राग विद्यापीठावर निघेल, कुलगुरू एकटे तोंडघशी पडतील. जाणाऱ्यांना भित्रे किंवा भोळे म्हणायला मी तयार नाही. ते संस्थेसाठी गेले.

६ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

कोलेजियम नोवुम ही विद्यापीठाची मुख्य इमारत, लाल विटांची, १८८७ची. आतल्या मोठ्या सभागृहात मातेइकोने रंगवलेलं कोपर्निकसचं भव्य चित्र असे. आजचं व्याख्यान मात्र ६६ क्रमांकाच्या वर्गात आहे.

एकेक जण जिना चढतो. कायद्याच्या इतिहासाचे स्तानिस्वाव एस्ट्रायखर, सत्तरीला आलेले. पोलिश साहित्याचे इग्नात्सी ख्शानोव्स्की, सत्तरी ओलांडलेले. प्राणिशास्त्रज्ञ मिहाऊ शेद्लेत्स्की. हे शेद्लेत्स्की ऐन तरुणपणी बर्लिनला जाऊन शाउडिन या जर्मन शास्त्रज्ञाबरोबर परजीवी जंतूंच्या जीवनचक्रावर काम करून आलेले. जर्मन विज्ञान म्हणजे काय, हे त्यांना आज एसएसकडून ऐकायचं होतं.

दुपारी १२.

म्यूलर सशस्त्र माणसांसह आत येतो. व्याख्यान म्हणावं असं काही होत नाही, सगळं काही मिनिटांत आटोपतं. आशय असा: तुम्ही आमच्या संमतीवाचून वर्ष सुरू केलंत, परीक्षा घ्यायला लागलात, हे विद्यापीठ नेहमीच जर्मनीच्या विरोधात राहिलं आहे. म्हणून स्त्रिया वगळून सगळ्यांना अटक. चर्चा नाही, प्रश्न नाहीत. विरोध करील त्याला गोळी.

भाषांतराची गरज पडली नसणार. समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जण जर्मन उत्तम जाणत होते.

१२ नंतर.

बाहेरच्या मार्गिकेत झडत्या सुरू होतात. ज्यांच्या खिशात चष्म्याचं घर आणि टिपणांचे कागद, त्यांच्याकडे शस्त्रं शोधली जातात. जिन्यावर धक्के, बंदुकीच्या दस्त्यांचे फटके. इमारतीत असलेले खाणशास्त्र अकादमीचे अध्यापकही पकडले जातात. त्यांचा या व्याख्यानाशी संबंधही नव्हता. खाली ट्रक उभे आहेत. एकूण १८३ जण, आणि त्यांत कुलगुरू स्वतः.

पुढचं भराभर घडलं. आधी मोंतेलूपिख तुरुंग, मग शहरातल्याच बराकी, मग रेल्वेने ब्रेस्लाउ. नोव्हेंबरच्या अखेरीस बर्लिनजवळची साक्सेनहाउझेन छळछावणी. तिथे थंडीत तासन्‌तास हजेरीसाठी उभं राहायचं. २८ डिसेंबरला एस्ट्रायखर गेले. जानेवारीत शेद्लेत्स्की, ख्शानोव्स्की, भूगोलाचे स्मोलेन्स्की, शरीररचनाशास्त्राचे कोस्तानेत्स्की. बातमी युरोपभर पसरली, जर्मनीच्या मित्रदेश इटलीतूनही शब्द पडला, आणि ८ फेब्रुवारी १९४० रोजी चाळिशीपुढच्या १०१ जणांना सोडलं. तरुणांतल्या बऱ्याच जणांना मार्चमध्ये दाखाउच्या छळछावणीत धाडलं.

या गवगव्यातून फ्रँकने धडा घेतला, पण भलताच. मे १९४०मध्ये त्याने आपल्या पोलिसप्रमुखांना सांगितलं, की क्राकूफच्या प्राध्यापकांनी फार ताप दिला, यापुढे असल्यांना छावण्यांत धाडू नका, इथल्या इथे निकाल लावा.

विद्यापीठ १९४२पासून चोरून भरू लागलं. खासगी घरांतून सुमारे ८०० विद्यार्थी शिकले. त्यांतला करोल वोयतिवा पुढे पोप झाला, जॉन पॉल दुसरा. १९४५मध्ये शहर मोकळं झालं आणि लेर-स्प्वाविन्स्की पुन्हा कुलगुरू झाले. ज्यांच्या बोलावण्यावरून सहकारी त्या जिन्याने चढले होते, त्यांच्याच हाती विद्यापीठ परत दिलं गेलं. त्यांच्यावर ठपका ठेवायचा की नाही, याचा निवाडा मला तरी यातच दिसतो.

ब्रूनो म्यूलरला ब्रिटिश न्यायालयाने १९४७मध्ये वीस वर्षांची शिक्षा दिली, ती कीलजवळच्या छावणीतल्या गुन्ह्यांसाठी. १९५३मध्ये तो सुटला, १९६०मध्ये मेला. ६ नोव्हेंबरच्या त्या दुपारबद्दल त्याच्यावर कधीच खटला चालला नाही.