बालके आणि प्राणिविच्छेदन

प्राणिविच्छेदन म्हणजे मृत प्राण्याचे शरीर पद्धतशीरपणे उघडून त्यातील अवयवांची रचना अभ्यासणे. लहान मुलांना ते दाखवावे की नाही, हा शिक्षणक्षेत्रातील वादाचा विषय आहे. या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात : धड्यासाठी प्राणी मारावा काय, आणि मृत प्राण्याचे अंतरंग मुलाने पाहावे काय.

कायदेशीर स्थिती

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम १७ नुसार पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट अशा साधनांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, तसेच केवळ हस्तकौशल्य मिळवण्यासाठी ते शक्यतो करू नयेत, असे अभिप्रेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिशास्त्रातील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते पदवी व पदव्युत्तर वर्गांतून बंद करण्याचे पाऊल उचलले. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळाले आहे. दुसऱ्याचे मात्र नाही.

भंडारा जिल्ह्यातील संदर्भ

भंडारा हा भातशेतीचा आणि तलावांचा जिल्हा आहे. एके काळी प्रयोगशाळेच्या मेण ओतलेल्या तबकात हमखास दिसणारा बेडूक येथील बांधीत पिकावरील कीटक खातो. बेडकांच्या तंगड्यांच्या निर्यातीवर भारताने १९८७ मध्ये बंदी घातली. माजी मालगुजारी (मामा) तलावांवर ढिवर समाजाची मासेमारी चालते. तेथील मुले रोहू, कटला, मरळ चिरताना कल्ले, आतडी व गाभोळी घरीच पाहतात. अंतरंगाचे दर्शन त्यांना नवे नसते. त्या अवयवांची नावे व कार्ये सांगणारा शिक्षक मात्र तेथे नसतो.

परदेशातील उदाहरण

डेन्मार्कमधील कोपनहेगन प्राणिसंग्रहालयात ९ फेब्रुवारी २०१४ रोजी मारियस नावाच्या निरोगी तरुण जिराफाला ठार करून मुलांसह आलेल्या प्रेक्षकांसमोर त्याचे विच्छेदन करण्यात आले. जगभर निषेध झाला. तथापि त्यातील मोठा भाग जिराफाला मारण्याविरुद्ध होता. ऑडेन्स येथे ऑक्टोबर २०१५ मध्ये सिंहाचे असेच जाहीर विच्छेदन झाले.

मतभेद

समर्थकांच्या मते प्रत्यक्ष दर्शनाने कुतूहल जागते, मृत्यूविषयीची अनाठायी भीती ओसरते आणि शरीराविषयी आदर वाढतो. विरोधकांच्या मते कोवळ्या वयात भीती किंवा बधिरता येऊ शकते आणि प्राणी म्हणजे वापरून टाकण्याची वस्तू, असा संस्कार होतो.

मध्यममार्ग

अन्नासाठी आणलेला मासा किंवा नैसर्गिकरीत्या मेलेला प्राणी यांचे निरीक्षण, तसेच प्रतिकृती, तक्ते व चित्रफिती हे पर्याय आहेत. नैसर्गिकरीत्या मेलेल्या प्राण्याच्या बाबतीत संसर्गाची काळजी घ्यावी लागते, आणि वन्य प्राणी असल्यास वन्यजीव कायद्याचे बंधन असते. कोणताही पर्याय निवडला, तरी मुलाला आधी कल्पना देणे, पालकांची संमती घेणे आणि नको वाटल्यास कमीपणा न वाटता उठून जाण्याची मोकळीक देणे महत्त्वाचे ठरते.