दशांश चिन्हाचा प्रवास



०.५ ला ०.३ ने गुणा, असे वर्गात सांगितले की अनेक मुले १.५ हे उत्तर देतात. उत्तर ०.१५ आहे असे सांगताच विचारतात, "सर, गुणाकार केल्यावर संख्या लहान कशी झाली?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर समजून घ्यायचे, तर थोडे इतिहासात डोकावले पाहिजे.

शून्य आणि अंकांची स्थानिक किंमत ही भारताची देणगी. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिज्मी यांनी या हिंदी अंकगणितावर ग्रंथ लिहिला. अंक एक घर डावीकडे सरकला की त्याची किंमत दहापट होते. मग एककाच्या उजवीकडेही घरे का मांडू नयेत? इ. स. ९५२-५३ (हिजरी ३४१) मध्ये दमास्कस येथे अल्-उक्लिदिसी यांनी ती मांडून दाखवली. १९ ही संख्या पाच वेळा निम्मी करीत गेल्यास ०.५९३७५ उरते, हे त्यांचे उदाहरण. एकक कोठे संपतो हे कळावे म्हणून त्यांनी त्या अंकावर लहानशी खूण केली. उपलब्ध अरबी ग्रंथांत दशांश अपूर्णांकाचा हा सर्वांत जुना वापर मानला जातो.

पुढे समरकंद येथे जमशीद अल्-काशी यांनी १४२७ मध्ये 'मिफ्ताहुल हिसाब', म्हणजे गणिताची किल्ली, हा ग्रंथ पूर्ण केला व दशांशांच्या गणिताचे नियम नीट घालून दिले. युरोपात १५८५ मध्ये सायमन स्टेव्हिन यांच्या पुस्तिकेने या पद्धतीचा प्रसार केला. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला, आणि दशांश घरोघरी पोहोचला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ०.५ म्हणजे ५ दशांश, ०.३ म्हणजे ३ दशांश. दहाव्या भागाचा दहावा भाग म्हणजे शंभरावा भाग. म्हणून ५ × ३ = १५ शतांश, अर्थात ०.१५. शिवाय ०.५ ने गुणणे म्हणजे निम्मे घेणे. मग संख्या वाढेल कशी? ६२.४० रुपये मीटरचे २.५ मीटर कापड घ्या. ६२४० × २५ = १५६०००. दोन्ही संख्यांत मिळून तीन दशांश स्थळे आहेत, म्हणून १५६.००० रुपये. चिन्ह एक घर चुकले तर हिशेब १५६० चा होईल!

पालकहो, पूर्वजांचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु अभिमानाला परीक्षेत गुण मिळत नाहीत. "याला गणित येत नाही, दुकानात बसू दे" असे म्हणण्यापूर्वी विचार करा, की दुकानातही हाच हिशेब आहे. आणि मुलामुलींनो, नियम पाठ करण्याआधी "असे का?" हे जरूर विचारा. अल्-उक्लिदिसी यांनी केलेली ती लहानशी खूण अशाच विचारातून जन्मली होती.