लीलावतींतील मोडका वेळू

भिवंडी तालुक्यांतील काल्हेर हें खाडीकांठचें गांव. अशा कांठास लागलेली एक शिडाची होडी मनांत आणा. डोलकाठीच्या शेंड्यापासून होडीच्या टोंकापर्यंत दोर ताणावयाचा आहे. तो किती लांब हवा? काठीची उंची आणि तिच्या बुडापासून टोंकाचें अंतर, एवढीं दोन मापें हातीं असलीं कीं तिसरें न मोजतां सांगतां येतें.

आपल्या जुन्या गणितांत उभ्या बाजूस कोटि, आडवीस भुज व तिरपीस कर्ण म्हणतात. भुज व कोटि यांच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते, हें यज्ञवेदी आंखणाऱ्या शुल्बसूत्रकारांनाही ठाऊक होतें. १११४ सालीं जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं छत्तिसाव्या वर्षीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. त्यांतील पाटीगणिताचा भाग म्हणजे ‘लीलावती’. तींत हाच नियम मोर, साप, कमळ अशा चित्रांतून भेटतो.

त्यांतील एक उदाहरण पाहूं. सपाट भूमीवरील ३२ हात उंच वेळू वाऱ्यानें मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? येथें एक भुज तेवढा ठाऊक. कोटि व कर्ण यांची केवळ बेरीज ठाऊक. पण दोन वर्गांचें अंतर हें मूळ संख्यांची बेरीज व अंतर यांच्या गुणाकाराइतकें असतें. म्हणून १६ चा वर्ग जो २५६, त्यास ३२ नें भागावें. आलेले ८ हें कर्ण व कोटि यांतील अंतर. ३२ मधून ८ वजा करून निम्मे केले कीं कोटि १२ हात. मिळवून निम्मे केले कीं कर्ण २० हात. १४४ आणि २५६ मिळून ४०० होतात, हा पडताळा.

ही विद्या पोथींत निजून राहूं नये म्हणून आचार्यांचे नातू चांगदेव, जे यादवराजा सिंघणाचे ज्योतिषी होते, त्यांनीं खानदेशांत चाळीसगांवजवळ पाटण येथें मठ स्थापिला. तेथें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत यासाठीं निकुंभवंशी सोइदेवानें १२०७ सालीं दान दिलें. हें सांगणारा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. पुढें फैजीनें १५८७ सालीं लीलावती फारसींत नेली; जॉन टेलर यांचें इंग्रजी भाषांतर १८१६ सालीं मुंबईंतच छापलें गेलें.

पाटणच्या मठांतील पाठ केव्हांच थांबले. तरी विद्या टिकते ती कोणी शिकविण्याची तजवीज करतो म्हणून. घरांतील मुलास सूत्र घोकावयास लावण्यापूर्वी एक काडी मोडून त्याच्यापुढें ठेवावी आणि विचारावें, “बाळ, ही किती उंचीवर मोडली?”