तेरची वीट

आपल्या कुंभार ज्ञातीचा इतिहास लिहू इच्छिणारास राजांच्या वंशावळी धुंडाळण्याचे कारण नाही. तो मातीतच आहे. मडके फुटते व त्याची खापरे होतात. वीट मात्र शतकानुशतके भिंतीत राहून आपल्या कर्त्याची साक्ष देते. म्हणून आपल्या धंद्याच्या या शाखेचा येथे थोडक्यात विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या नगरांत विटेची जाडी, रुंदी व लांबी यांचे प्रमाण १:२:४ असे ठरलेले होते. दोन विटांची रुंदी एका विटेच्या लांबीइतकी भरली, म्हणजे उभ्या-आडव्या थरांची सांधेमोड बिनचूक साधते. भूमितीचे हे ज्ञान साचा करणाराच्या हातात होते.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर धाराशिव जिल्ह्यातील तेर हे आपले तीर्थच होय. तेरणाकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रमाचे मंदिर मुळात विटांनी बांधलेले, मागील बाजूस अर्धवर्तुळाकार असलेले चैत्यगृह होते, असे अभ्यासक मानतात. तेरच्या काही जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, याचे पाहुण्यांस नवल वाटते. जाणत्या कुंभारास त्यातील मर्म उमगण्यास वेळ लागत नाही. मातीत भाताचे तूस कालविले की भट्टीत ते आतल्या आत जळते, विटेस आतूनही आच लागते आणि मागे सूक्ष्म छिद्रे राहून वीट हलकी होते. शिवाय मराठवाड्याची काळी माती ओली असता फुगते, वाळताना आकसून तडकते. तूस, राख वा वाळू यांनी तिचा चिवटपणा मोडावा लागतो. मग थापलेली वीट सावकाश वाळवावयाची. घाईने वाळविलेली वीट भट्टीपूर्वीच भेगाळते.

याच तेर गावी संत गोरोबाकाका झाले. त्यांनी थापटण्याने संतांची मस्तके ठोकून कोण पक्का व कोण कच्चा हे पारखले, अशी कथा परंपरा सांगते. आजही दोन विटा एकमेकींवर आपटून, खणखणीत नाद आला तरच त्या पक्क्या मानतात. अध्यात्माच्या भाषेस आपल्या धंद्याने दिलेले हे देणे लहान नव्हे.

तरीही कर्त्यांची नावे हरपली. १७३२ साली पुऱ्या झालेल्या शनिवारवाड्याच्या तटाचा खालचा भाग दगडी व वरचा विटांचा आहे. बांधविणाऱ्या बाजीरावाचे नाव सर्वतोमुखी आहे; त्या विटा थापणारांची नावे आपणांस ठाऊक नाहीत.

नावे गेली ती गेली. आता विद्याही जाऊ पाहत आहे. केंद्र सरकारच्या १९९९ च्या अधिसूचनेने औष्णिक वीजकेंद्रांच्या परिसरात राख न मिसळता मातीची वीट करण्यास मनाई केली. सुपीक माती वाचावी हा त्यामागील हेतू रास्तच आहे, आणि मातीत राख मिसळणे आपल्या वडीलधाऱ्यांस परके नव्हते. परंतु कोणत्या शिवारातील मातीस काय व किती मिसळावे, ज्वाळेच्या रंगावरून आच कशी ओळखावी, हे ज्ञान कागदावर नाही. ते थकलेल्या हातांत आहे, आणि त्या हातांशेजारी शिकावयास बसणारी मुले थोडी उरली आहेत.

ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच की, प्रत्येक गावच्या तरुणांनी आपल्या वृद्धांजवळ बसून हे सारे लिहून घ्यावे. मुलाने धंदा करावा वा न करावा, ही त्याची इच्छा. परंतु पूर्वजांची विद्या त्यांच्याबरोबर मातीस मिळू देणे, हे गोरोबाकाकांच्या वारसांस शोभणारे नाही.