कॅमेऱ्यामागे कोण उभा होता?

मध्यंतरी एका छायाचित्र प्रदर्शनाला आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. उद्घाटनाचे भाषण तासभर चालले. प्रकाश, सावली, चौकट, क्षण, सगळे झाले. भिंतीवर मात्र गटारात उतरलेला कामगार होता, वीटभट्टीवरची बाई होती, उघडी पोरे होती. आमच्यातल्या एकाने साधा प्रश्न विचारला, "या माणसांची नावे कुठे आहेत?" उत्तर मिळाले, "कलेत जात कशाला आणता?" नाव विचारले होते आणि उत्तर जातीवर आले! हा लेख त्या उत्तरासाठी आहे.

फोटोग्राफीचा पाठ्यपुस्तकी इतिहास थोडक्यात असा. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरच्या शोधाची घोषणा झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडिनची वाफ, मग कॅमेरा, मग पाऱ्याची वाफ, आणि माणूस पत्र्यावर उमटायचा. इंग्लंडमध्ये टॅल्बटने कागदावर निगेटिव्ह काढण्याची रीत शोधली, त्यामुळे एका चित्राच्या अनेक प्रती निघू लागल्या. पुढे भांडण लागले की ही कला आहे की नुसती यंत्राची करामत? कवी बोदलेअरने १८५९ साली फोटोग्राफीला नापास चित्रकारांचा आसरा ठरवले. (स्वतःचे फोटो मात्र त्याने नादारकडून हौसेने काढून घेतले!) १८६२ साली फ्रेंच न्यायालयाने फोटोला कलेचा दर्जा आणि कायद्याचे संरक्षण दिले. अमेरिकेत स्टिग्लिट्झने १९०३ पासून 'कॅमेरा वर्क' हे नियतकालिक काढून हा दावा पुढे रेटला, आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात फोटोग्राफीचा स्वतंत्र विभाग उघडला. हाताने करतो तो कारागीर आणि डोक्याने करतो तो कलावंत, ही विभागणी आपल्याला नवीन नाही. ती आपल्या बापजाद्यांनी भोगलेली आहे. त्यामुळे या भांडणात आम्हाला फार रस नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे पंडित कलेवर वाद घालत होते, तेव्हा कॅमेऱ्यासमोर कोणाला उभे केले जात होते?

मार्च १८५०. अमेरिकेतले दक्षिण कॅरोलिना राज्य, कोलंबिया शहर. हार्वर्डचे नामवंत प्राध्यापक लुई अगासीझ यांना सिद्ध करायचे होते की काळे आणि गोरे मुळातच वेगवेगळे निर्माण झाले आहेत. मुखातून एक, पायातून एक, हे सांगणाऱ्यांना हा सिद्धांत ओळखीचा वाटेल. त्यांच्या सांगण्यावरून झीली नावाच्या स्थानिक फोटोग्राफरने गुलामांना स्टुडिओत आणून त्यांचे कपडे उतरवले आणि समोरून, बाजूने फोटो घेतले. त्यात रेंटी नावाचा वयस्क माणूस होता आणि त्याची मुलगी डेलिया होती. बापाला आणि लेकीला उघडे करून मोजमापासाठी उभे केले गेले. सोबतच्या चिठ्ठीवर नाव, आफ्रिकेतला मूळ प्रदेश आणि मालकाचे नाव. त्या काळी फोटोसाठी कित्येक सेकंद न हलता थांबावे लागे. म्हणजे रेंटीला आपल्या अपमानात स्थिर उभे राहावे लागले. तरीही फोटोत तो सरळ आपल्याकडे बघतो, आणि दागेरचा पत्रा आरशासारखा चकचकीत असल्यामुळे बघणाऱ्याला त्यात स्वतःचाही चेहरा दिसतो.

हे पत्रे १९७६ साली हार्वर्डच्या एका संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. २०१९ मध्ये टमारा लेनियर या बाईंनी, आपण रेंटीच्या वंशातल्या आहोत असे सांगत, विद्यापीठावर खटला भरला. फोटो कोणाचा? ज्याने काढला त्याचा, ज्याने जपून ठेवला त्याचा, की ज्याला जबरदस्तीने उभे केले त्याचा? २०२५ मध्ये तडजोड झाली आणि हे फोटो दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे द्यायचे ठरले. १७५ वर्षे लागली!

आता आपल्याकडे या. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्येच स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांसारखी मंडळी तिच्यात होती. या शहरातल्या विल्यम जॉन्सनने १८६३ ते १८६६ दरम्यान मुंबईच्या जातीजमातींचे फोटो असलेले दोन खंड काढले. त्यात एक गंमत आहे. माणसांचे फोटो एका जागी काढलेले, मागचा देखावा दुसऱ्याच ठिकाणचा, आणि दोन्ही जोडून एक चित्र बनवलेले. फोटो खोटे बोलत नाही म्हणतात. आपल्याकडे तो लवकरच बोलायला शिकला होता.

त्याहून मोठा उद्योग सरकारी होता. गव्हर्नर जनरल कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीच्या हौसेतून सुरू झालेला संग्रह १८५७ च्या उठावानंतर राज्यकारभाराचे काम बनला. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' नावाने त्याचे आठ खंड निघाले. साडेचारशेहून अधिक फोटो, आणि प्रत्येकासोबत मजकूर की ही जात विश्वासू, ती चोरटी, ही आळशी, ती शूर. माणूस दाखवला एक, निकाल दिला जमातीचा. याच वर्षांत, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला हे आपल्या भटक्या-विमुक्त बांधवांना सांगायला नको.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान लंडनला गेले असता इंडिया ऑफिसमध्ये त्यांनी हे खंड पाहिले. चित्रातली माणसे त्यांना जनावरांच्या बरोबरीची वाटली. एका तरुण इंग्रजाने त्यांच्या मुलाला विचारले, तू हिंदुस्थानी का? मुलगा हो म्हणाला, पण लाजला, आणि लगेच खुलासा केला की आम्ही इथले मूळ रहिवासी नाही, आमचे पूर्वज बाहेरून आलेले आहेत. हा प्रसंग नीट वाचा. पुस्तक अपमानास्पद आहे याचा राग एका बाजूला आहे, पण खरा राग आपल्याला 'त्यांच्यात' मोजल्याचा आहे. साम्राज्याविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या उच्चवर्णीय परंपरेचे, मग धर्म कोणताही असो, हे दुखणे जुने आहे.

पण कॅमेरा फक्त मालकाच्या हातात राहिला असे नाही. १८३८ मध्ये गुलामगिरीतून पळालेले फ्रेडरिक डग्लस यांनी त्याची ताकद फार लवकर ओळखली. गोरा चित्रकार काळ्या माणसाचा चेहरा रंगवतो तेव्हा नाक, ओठ फुगवतो, त्याच्या मनातला काळा माणूस कागदावर येतो, ही तक्रार त्यांनी १८४९ सालीच लिहिली. कॅमेऱ्यासमोर काय न्यायचे हे मात्र स्वतःला ठरवता येते. त्यांनी ते ठरवले. उत्तम कोट, टाय, विंचरलेले केस, कठोर नजर, हसू जवळपास नाहीच. कारण 'सुखी, हसरा गुलाम' हे मालकांचे आवडते चित्र होते. त्यांचे सुमारे १६० फोटो उपलब्ध आहेत, लिंकनपेक्षाही जास्त. १८६१ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, त्यांनी बोस्टनमध्ये चित्रे आणि प्रगती या विषयावर व्याख्यान दिले. लोकांना वाटले असेल, युद्धात हे काय? सोजर्नर ट्रुथ यांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांनी आपल्या फोटोचे हक्क स्वतःच्या नावे नोंदवले आणि ते विकून चळवळीचा आणि पोटाचा खर्च चालवला. आपले जोतिराव १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण करतात, त्यांची चळवळ ही अशी फोटोही वाटणारी होती.

गॉर्डन पार्क्स हे नाव आपल्या तरुणांना माहीत असायला हवे. १९१२ चा जन्म, पंधरा भावंडांत धाकटा. रेल्वेत वाढप्याचे काम करताना मासिकांतले स्थलांतरितांचे फोटो पाहिले आणि गहाणवटीच्या दुकानातून जुना कॅमेरा घेतला. १९४२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी फोटो विभागात आला, तेव्हा त्याच शहरात दुकानात, हॉटेलात, सिनेमागृहात त्याला नकार मिळाला. वरिष्ठाने सांगितले, इथे झाडू मारणाऱ्या बाईंशी बोल. एला वॉटसन त्यांचे नाव. पार्क्सने त्यांना अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले, एका हाताशी झाडू, बाजूला फरशी पुसायचा मॉप. पण तो एवढ्यावर थांबला नाही. पुढे कित्येक दिवस तो त्यांच्या घरी, चर्चमध्ये, नातवंडांत फोटो काढत राहिला. आमच्या त्या प्रदर्शनातल्या फोटोग्राफरने आणि यात एवढाच फरक आहे, आणि तो फार मोठा आहे.

फिल्मसुद्धा निष्पक्ष नव्हती. कोडॅकची रंगीत फिल्म वर्षानुवर्षे गोऱ्या त्वचेचा नमुना धरून जुळवली जायची. काळा चेहरा त्यात नुसता डाग व्हायचा. सुधारणेचा रेटा आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर विकणाऱ्यांकडून, कारण त्यांच्या मालातले तपकिरी रंग नीट उठत नव्हते. माणसांची तक्रार पुरेशी नव्हती!

आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे काम केले. त्यांचे फोटो मॅनहोलमध्ये वाकून बघतात आणि कामगाराच्या घरातही जातात. तामिळनाडूत पलानी कुमार हेच काम करतो आहे. त्यांच्या फोटोत प्रकाश आणि सावली नाही का? आहे, आणि उत्तम आहे.

आणि एक फोटो. फेब्रुवारी १९३४, राजगृह. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि सोबत टॉबी कुत्रा. सगळे नीट बसलेले, नीट कपड्यांत, मागे आपले स्वतःचे घर. सव्वा वर्षाने, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्या घरात पुस्तके किती होती हे सगळे सांगतात. आम्ही या फोटोत दरवेळी रमाईंकडे बघतो. हा फोटो आपल्या वस्त्यांत कॅलेंडरवर, दुकानात, रिक्षात, कपाटाच्या दारावर सगळीकडे आहे. कोणत्याही कलासंस्थेने तो तिथे लावलेला नाही.