रडीच्या डावाचा इतिहास

माणसाने आधी खेळ शोधून काढला की आधी रडी, याबद्दल माझ्या मनात फार वर्षे संशय आहे. आमच्या वाड्याच्या चौकात ज्याची बॅट असे, तो कधीच आउट होत नसे. पहिल्या बॉलला त्याचा त्रिफळा उडाला तरी 'ही ट्रायल होती' असा निकाल तो स्वतःच देई आणि आम्ही फारच आरडाओरडा केला, तर बॅट काखेत मारून घरी जाई. पण या व्यवहारात एक गोम होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला पुन्हा त्याच चौकात यावे लागे. एकट्याने बॅटिंग करता येत नाही, एवढे क्रिकेट त्यालाही कळत असे.

हे सगळे आठवायला कारण आमचे चिरंजीवांचे चिरंजीव. गेल्या रविवारी ते कानांवर दोन वाट्या चढवून, मोबाईलकडे डोळे वटारून, भिंतीशी भांडावे तसे भांडत होते. एकाएकी त्यांनी मोबाईल गादीवर आपटला.

"काय रे, काय झालं?"

"आजोबा, आमच्याच टीममधला माणूस मला मारतो, आणि वर मलाच शिव्या देतो!"

"कोण आहे तो?"

"मला काय माहीत?"

"निदान गाव?"

"कोणास ठाऊक!"

ज्याचे नाव, गाव, आडनाव यांतले काहीही ठाऊक नाही, अशा माणसाकडून घरबसल्या शिव्या खायची सोय आमच्या लहानपणी नव्हती. आम्हांला शिव्या देणारी सगळी मंडळी ओळखीची असत. बरीचशी तर नात्यातली. तेव्हा मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, "तुमची पिढीच मेली अशी!" त्यावर चिरंजीव शांतपणे म्हणाले, "आजोबा, हे तुमच्या पिढीनंच सुरू केलंय." मी चिडून पुरावे शोधायला बसलो आणि दुर्दैवाने कार्टे खरे निघाले.

या प्रकरणाची सुरुवात १९७८ साली इंग्लंडात एसेक्स विद्यापीठात झाली. मी तेव्हा नुकताच बँकेत चिकटलो होतो. तिथल्या रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने अनेकांनी मिळून एकाच वेळी खेळायचा एक खेळ कॉम्प्युटरवर रचला आणि पुढे तो रिचर्ड बार्टल याच्या हाती सोपवला. खेळाचे नाव 'मड'. ऐकल्याबरोबर मला मढेच आठवले आणि ते अगदीच गैरलागू नव्हते. चित्रे नाहीत, आवाज नाही, नुसता मजकूर. तरी त्या मजकुरातही लोक एकमेकांचे मुडदे पाडत.

याच बार्टलने १९९६ साली असल्या खेळाडूंवर एक निबंध लिहून त्यांची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली. धन आणि गुण जमवतात ते चौकट. कुदळ घेतल्यासारखे कानेकोपरे उकरतात ते इस्पिक. नुसत्या गप्पा मारायला येतात ते बदाम. आणि दुसऱ्याला छळण्यातच ज्यांना गंमत वाटते ते किलवर. इंग्रजीत या रंगाचे नाव म्हणजे सोटाच. बार्टलचे म्हणणे असे की, किलवर माजले की आधी बदाम उठून जातात, मग मारायला कोणी उरत नाही आणि शेवटी किलवरच हात चोळत बसतात. आमच्या बॅटवाल्याला हे शास्त्र निबंध न वाचता अवगत होते.

१९८६ साली लूकसफिल्म कंपनीने अमेरिकेत 'हॅबिटॅट' नावाचे गाव कॉम्प्युटरवर वसवले. या गावात चित्रे होती, माणसे होती, रस्ते होते. त्यामुळे अर्थातच चोऱ्याही सुरू झाल्या. कोणी हातातली वस्तू पळवी, तर कोणी सरळ गोळी घाली. मेलेला माणूस रिकाम्या खिशाने आपल्या घरी पुन्हा जिवंत होई (ही सवलत सोडली तर गाव बरेचसे खरे होते). मग गावकऱ्यांचा कौल घेतला की, खून हा गुन्हा मानायचा की खेळातली मजा? मते पडली निम्मी निम्मी! एका गृहस्थाने, जो खऱ्या आयुष्यातही पाद्री होता, तिथे 'पवित्र अक्रोडाचा' पंथ काढला. अनुयायांनी शस्त्र धरायचे नाही, चोरी करायची नाही. शेवटी चालकांनी तोड काढली की, गावात हत्यारबंदी आणि वेशीबाहेर ज्याचे त्याने बघावे. शेकडो वर्षांपूर्वी आपल्या गावांभोवती कोट का बांधले गेले, हे मला त्या दिवशी कळले.

पण इतिहासापासून शिकायचे नाही, हा नियम इथेही कसोशीने पाळला गेला. १९९७ साली 'अल्टिमा ऑनलाइन' नावाचे राज्य उभे राहिले. त्याचा कर्ता रिचर्ड गॅरियट हा स्वतःच 'लॉर्ड ब्रिटिश' या नावाने तिथला राजा. त्याच्या मंडळींनी मोठ्या हौसेने तिथे जंगल वसवले होते. सशांनी गवत खावे, लांडग्यांनी ससे खावेत, असा सृष्टिक्रम लावून दिला होता. खेळाडू आत शिरले आणि त्यांनी जे हलेल ते मारले. जनावरे जन्माला येण्यापेक्षा मरण्याचा वेग जास्त झाला आणि सृष्टिक्रम गुंडाळून ठेवावा लागला.

त्याच साली ऑगस्टमध्ये, खेळाची चाचणी चालू असताना, खुद्द महाराज प्रजेला दर्शन द्यायला आले. महाराजांना अमरत्वाचा वर होता. पण मधे कॉम्प्युटर बंद पडला होता आणि वर पुन्हा चालू करायचे राहून गेले होते. गर्दीतल्या एकाने चोरलेला अग्निमंत्र टाकला आणि महाराज जागच्या जागी खलास! दरबाऱ्यांनी रागाच्या भरात गर्दीवर राक्षस सोडले आणि त्यात बिचारी बघी मंडळीच जास्त मेली. लाठीमाराची ही पद्धत आपल्याला नवीन नाही.

पुढे वाटमाऱ्यांनी त्या राज्यात इतका उच्छाद मांडला की, २००० साली त्याची दोन राज्ये करावी लागली. एकात पूर्वीसारखी मारामारी, दुसऱ्यात संमतीवाचून मारायचे नाही. बहुतेक प्रजा बाडबिस्तरा उचलून शांततेच्या राज्यात गेली. हॅबिटॅटवाल्यांची वेस पुन्हा एकदा बांधली गेली.

२००५ साली 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये तर रोगाची साथ आली. एका राक्षसाच्या रक्ताचा दोष चुकून त्याच्या गुहेबाहेर पडला. काही खेळाडू दुसऱ्यांवर उपचार करीत धावले. काहीजण मुद्दाम रोग अंगावर घेऊन गर्दीच्या शहरांत हिंडले. विलगीकरण कोणी जुमानले नाही. अखेर कंपनीने सगळे बंद करून नव्याने सुरू केले. साथींच्या अभ्यासकांनी २००७ साली त्यावर निबंध लिहिला, तेव्हा हा पोरखेळ वाटला असेल. २०२० नंतर तो वाटत नाही.

मला सगळ्यांत झोंबले ते मात्र वेगळेच. २००९ साली आलेल्या 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये शिवीगाळ फार. कंपनीने २०११ साली खेळाडूंचीच पंचायत बसवली आणि मानसशास्त्राची माणसे नेमून शोध घेतला. त्यांना आढळले की, अट्टल किलवर मूठभरच. बहुतेक शिव्या साध्यासुध्या माणसांच्या; एखादा दिवस वाईट गेला की सुटलेल्या.

मी म्हटले, छे! साधीसुधी माणसे म्हणजे आपण. आपण असले काही करीत नाही.

त्याच संध्याकाळी नातवाने मला मोबाईलवर ल्यूडो लावून दिला. समोर कोणी 'गेस्ट' आणि पुढे लांबलचक आकडा. गुडघा सकाळपासून ठणकत होता, पेन्शनच्या कामी दुपारी एक हेलपाटा फुकट गेला होता. गेस्टने माझी घराच्या दारात आलेली सोंगटी मारली. त्याची शेवटची सोंगटी घरापासून दोन घरांवर आली आणि माझ्या अंगठ्याने, माझ्याशी काही सल्लामसलत न करता, खेळ बंद केला.

"आजोबा, पळालात?"

"नेट गेलं रे," मी म्हणालो. थोडक्यात, ही ट्रायल होती.

नातवाने जाळे तपासले नाही. "जाऊ द्या, तो कदाचित कॉम्प्युटरच असेल," असे म्हणून तो जेवायला गेला. पण मला काही जेवण गोड लागेना. तो माझ्यासारखाच कोणी गुडघेदुखीवाला असला तर? दिवसभरात त्याच्या मनासारखी तेवढी एकच गोष्ट होणार असली तर?

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पुन्हा ल्यूडो उघडून बसलो. समोर आला तो निराळाच आकडा. कालच्याला शोधायचे कसे, हे नातवालाही सांगता येईना. आमच्या बॅटवाल्याला दुसऱ्या दिवशी चौकात यावे लागे. मी आलो होतो, पण इथे चौकच नव्हता.

मग त्या नव्या आकड्याशी खेळलो. चारी सोंगट्या मारून घेतल्या आणि तो जिंकेपर्यंत जागचा हललो नाही.