डहाणू-घोलवडचा चिकू : बागायती व्यवसायातील ज्ञानाचे संघटन

व्यक्त आणि अव्यक्त ज्ञान हा भेद इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांच्या १९९५ मधील ग्रंथामुळे व्यवस्थापनशास्त्रात रूढ झाला. त्यांची उदाहरणे जपानी कंपन्यांची होती. परंतु डहाणू तालुक्यातील चिकू व्यवसायाचा इतिहासही या भेदाच्या आधारे तपासता येतो.

घोलवड येथे चिकूची पहिली लागवड १८९८ मध्ये झाली असे मानले जाते. पुढे इराणी, पारशी व स्थानिक बागायतदारांनी घोलवड, बोर्डी, डहाणू या पट्ट्यात बागा वाढविल्या. ‘कालीपत्ती’ ही जात येथे स्थिरावली. रायणीच्या खुंटावर चिकूचे कलम बांधण्याचे कौशल्य प्रत्यक्ष पाहूनच आत्मसात होई. तोडणी त्याहून अवघड. चिकू कच्चा असो वा तयार, तपकिरीच दिसतो. सालीवरील भुकटीसारखा थर सुटू लागला आणि नखाने ओरखडल्यावर हिरव्याऐवजी पिवळसर छटा दिसली, तर फळ तयार समजावे. ही पारख करणारे हात प्रामुख्याने आदिवासी मजुरांचे होते. याच डहाणू-तलासरी परिसरात १९४५ मध्ये वारली शेतमजुरांनी किसान सभेच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध लढा दिला. ही पार्श्वभूमी वगळून येथील ज्ञानाच्या देवाणघेवाणीची चर्चा करणे भाबडेपणाचे ठरेल.

हे विखुरलेले ज्ञान एकत्र येण्यास निमित्त झाले ते भौगोलिक मानांकनाचे. १९९९ चा हा कायदा सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्यानुसार अर्ज एकट्या उत्पादकास नव्हे, तर उत्पादकांच्या संघटनेस करावा लागतो. त्यात क्षेत्राची सीमा, उत्पादनपद्धती, गुणवैशिष्ट्ये व तपासणीची व्यवस्था नमूद करावी लागते. साहजिकच बाजारात परस्परांचे स्पर्धक असलेल्या बागायतदारांना आपली पद्धत समान शब्दांत मांडणे भाग पडले. घोलवडच्या फळाच्या गोडीचा संबंध तेथील कॅल्शियमयुक्त मातीशी जोडला गेला. २०१६ मध्ये महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावे नोंदणी झाली आणि २०२१ मध्ये मानांकित चिकू ब्रिटनला रवाना झाला.

मात्र कृषिमालाच्या बाबतीत ‘उत्पादक’ या संज्ञेत कायदा पिकविणारा, प्रक्रिया वा वेष्टन करणारा आणि व्यापार करणारा यांचा उल्लेख करतो. मजुरीवर फळाची पारख व तोडणी करणाऱ्याचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. याच तालुक्यातील वारली चित्रकलेला २०१४ मध्ये मानांकन मिळाले, तेव्हा पुढाकार आदिवासी युवकांच्या संस्थेचा होता. तेथे ज्ञान आणि नोंदणी एकाच समाजाच्या हाती राहिली. चिकूच्या बाबतीत नोंदणी बागायतदारांच्या संघाकडे गेली, आणि पारख अद्याप तोडणाऱ्यांकडेच आहे.